दोन पायऱ्या वरचा आवाज

(सोलापुरात तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘तंत्रज्ञान आणि आपल्या समाजाचं शिक्षण’. एवढ्या मोठ्या विषयावर तासभर बोललो तर तुम्ही टाळ्या वाजवाल आणि घरी जाल. म्हणून मी त्यातला एकच तुकडा उचलतो. त्याला पैसे लागत नाहीत, ऑफिस लागत नाही, आणि येत्या रविवारी सुरू करता येतो. आठवी ते बारावीतल्या मुलामुलींनी स्वतःची गोष्ट मोबाइलवर तीन मिनिटांत सांगायची आणि ती पाचवी ते सातवीतल्या मुलांना एकत्र बसवून दाखवायची. बस, इतकंच काम आहे.

हे इतकं साधं काम करण्याची गरज का आहे, ते आधी सांगतो.

२००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. त्यातला एक आकडा आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे: ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच बाहेर पडली होती. त्यानंतर २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. पहिलीत नाव घालण्याचं काम बरंच पुढे गेलं. पण हा कायदा १४ वर्षांपर्यंतच हात धरतो. आठवी संपली की हात सुटतो. आपल्या मोहल्ल्यात गळती लागते ती नेमकी याच वळणावर. मुलगा यंत्रमागावर, गॅरेजमध्ये नाहीतर हातगाडीवर जातो. मुलगी घरी बसते, अम्मीबरोबर बिड्या वळते आणि मग तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

हा निर्णय आठवीत होतो असं आपल्याला वाटतं. माझ्या मते तो पाचवी-सहावीतच मनात होऊन जातो. मूल आजूबाजूला पाहतं. थोरला भाऊ नववीत सुटला, शेजारची आपा आठवीत सुटली, म्हणजे शाळा ही आठवीपर्यंतचीच गोष्ट असते, असं त्याचं गणित पक्कं होतं. त्याला कुणी काही समजावलेलं नसतं. त्याने जे पाहिलं, त्यावरून ते शिकलेलं असतं.

मग आपण काय करतो? गुणगौरव समारंभ करतो. कुणी अधिकारी येतात, कुणी डॉक्टर येतात. नव्वद टक्क्यांच्या मुलांना ट्रॉफी मिळते. हे चांगलंच आहे, बंद करू नका. पण खाली सतरंजीवर बसलेल्या, सहावीत पंचावन्न टक्के मिळवणाऱ्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. स्टेजवरचा माणूस त्याच्यापासून वीस-पंचवीस पायऱ्या वर उभा आहे. तिथपर्यंतचा जिना त्याला दिसतच नाही. त्याला गरज आहे दोन पायऱ्या वर उभ्या असलेल्या मुलाची. त्याच्याच गल्लीतल्या, त्याच शाळेत शिकलेल्या, तीच भाषा बोलणाऱ्या मुलाने मागे वळून सांगायला हवं की पुढची पायरी इथे आहे, इथे जरा घसरतं, इथे हाताला धरायला कठडा आहे.

आपल्या जिल्ह्यात काय घडलं

सोलापूरकरांना शिक्षणातल्या तंत्रज्ञानाचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं. १० लाख डॉलरचं बक्षीस, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. त्या दिवशी आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण त्यांनी नेमकं काय केलं ते आपल्यापैकी किती जणांनी नीट वाचलं?

त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड लावले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू यायची, धड्याचा व्हिडिओ दिसायचा, गोष्ट उघडायची. पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यांच्या मुलांच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकाची भाषा वेगळी होती. म्हणून त्यांनी पुस्तकातला मजकूर मुलांच्या मातृभाषेत आणला. म्हणजे आधी भाषा आणि मग तंत्र, असा क्रम होता.

तिसरं काम म्हणजे ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ हा उपक्रम. भारत आणि पाकिस्तान, पॅलेस्टाइन आणि इस्रायल, इराक आणि इराण, अमेरिका आणि उत्तर कोरिया, अशा एकमेकांशी वैर असलेल्या ८ देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलतं करायचं. पुरस्काराच्या वेळी यात १९,००० विद्यार्थी सामील झाल्याचं सांगितलं गेलं. इथे पडद्यावर शिक्षक बोलत नाही. मूल मुलाशी बोलतं. आजचा माझा मुद्दा इथूनच निघतो.

दुसरं उदाहरण आपल्या शहरातलं. करोनाकाळात शाळा बंद होत्या, ऑनलाइन वर्ग सुरू होते आणि कामगार वस्तीत स्मार्टफोन नव्हते. तेव्हा नीलमनगरच्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. शेकडो भिंती. मुलं गल्लीतून चालत चालत शिकली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तरी मला ही भिंत कुठल्याही ॲपपेक्षा मोठी वाटते. लोकांकडे काय आहे ते आधी मोजलं आणि मग उपाय काढला. आपणही तेच करूया. आज आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात निदान एक स्मार्टफोन आहे, तो अब्बांचा किंवा भाईचा असतो आणि रात्री आठनंतर मुलांच्या हाती येतो. आपल्याकडची भिंत ती आहे.

ही पद्धत आपलीच आहे

कुणी म्हणेल, हे परदेशी खूळ आहे. मुळीच नाही. तुमच्यापैकी जे मदरशात शिकले त्यांना ‘तकरार’ माहीत आहे. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं, पण मदरशात तकरार म्हणजे उजळणी. उस्ताद धडा देऊन गेले की एक हुशार विद्यार्थी बाकीच्यांना घेऊन बसतो आणि तोच धडा स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगतो. हिफ्जच्या वर्गातही मोठा मुलगा छोट्याचा सबक ऐकतो. आपल्या गावठी शाळांतही मोठी मुलं छोट्यांना शिकवत. १७९० च्या दशकात मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने इथल्या शाळांत वाळूवर अक्षरं गिरवणारी मुलं पाहिली, मुलांकडूनच मुलांना शिकवण्याची रीत उचलली आणि ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडला नेली. १९७८ मध्ये लंडनमध्ये ‘चाइल्ड टू चाइल्ड’ नावाची चळवळ सुरू झाली. मोठ्या भावंडांनी छोट्यांना आरोग्याच्या गोष्टी सांगाव्यात, ही तिची कल्पना.

आणि स्वतःची गोष्ट स्वतः सांगण्याचं म्हणाल, तर आपल्या चळवळीचा पायाच तो आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिला मुंबईत विधानभवनावर गेल्या. तलाकवर मोठमोठ्या लोकांनी पुष्कळ लिहिलं होतं. पण त्या सात जणी स्वतः रस्त्यावर आल्या आणि चर्चेचा रंग बदलला. सोलापूरपुरतं बोलायचं तर १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरलं. मराठी ही आमचीही भाषा आहे आणि आमचं जगणं आम्हीच मराठीत सांगू, अशी फकरुद्दीन बेन्नूर सरांच्या पिढीची भूमिका होती. त्यांनी लेखणी धरली. आपल्या पोरांच्या हातात मोबाइल आहे. आपल्याबद्दल दुसऱ्यांनी बनवलेले व्हिडिओ रोज शेकडोंनी फिरतात. त्यात आपली मुलं कुठे असतात? ती एक तर भीतीचा विषय असतात किंवा दयेचा. त्यांचा स्वतःचा आवाज त्यात नसतो.

काय दिसलं

गेल्या सुट्टीत आम्ही चार-पाच जणांनी आमच्या गल्लीत हे छोट्या प्रमाणावर करून पाहिलं. सहा मुलामुलींच्या गोष्टी रेकॉर्ड केल्या, एका घराच्या बाहेरच्या खोलीत वीसेक मुलं बसवली आणि टीव्हीला पेनड्राइव्ह लावून दाखवल्या. त्यातून जे दिसलं तेवढंच सांगतो.

पहिल्या मुलाने भाषण ठोकलं. ‘मेहनत करा, आईवडिलांचं नाव उज्ज्वल करा.’ छोटी मुलं दुसऱ्या मिनिटाला एकमेकांना चिमटे काढू लागली. नंतर दहावीतल्या एका मुलीची गोष्ट लागली. तिने चेहरा दाखवलेला नव्हता. पडद्यावर फक्त तिचे हात होते, तेंदूची पानं कापणारे, आणि वरून तिचा आवाज. ती दखनीत बोलत होती, मधूनमधून मराठीत. सहावीत उर्दू माध्यमातून मराठी माध्यमात आल्यावर सहा महिने ती वर्गात एक शब्दही बोलली नव्हती. ‘ळ’ म्हणताना मुलं हसायची. एकदा तिने वही फाडून टाकली. पुढे तिने मागच्या बाकावरच्या मुलीशी सौदा केला: मी तुझं गणित करते, तू माझं मराठी वाचून घे. नववीत तरी ती एका विषयात नापास झालीच. घरी सांगायला दोन दिवस लावले.

खोलीत शांतता होती. गोष्ट संपल्यावर पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, “मग मार पडला का?” ती मुलगी मागे उभीच होती. म्हणाली, “पडला नाही. अम्मी रडली. मार बरा वाटला असता.” मग प्रश्नांची रांगच लागली. मराठी शाळेत डब्यात काय नेतेस, बाई कशा आहेत, बिड्या वळताना अभ्यास कधी करतेस. एवढे प्रश्न त्या मुलांनी कुठल्या पाहुण्याला विचारल्याचं मला आठवत नाही.

यावरून गोष्टीसाठी आम्ही चार प्रश्न ठरवले. तू छोट्यांएवढी होतीस तेव्हा तुला कशाची भीती वाटायची? अडलं कुठे? तेव्हा कुणी किंवा कशाने मदत केली? आणि आजही काय जमत नाही? चौथा प्रश्न कधी गाळू नका. सगळं जिंकून संपणाऱ्या गोष्टीवर मुलं विश्वास ठेवत नाहीत.

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एक तरी उपयोगाची माहिती यायला हवी. उदाहरण घ्या. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये. अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली, त्यामुळे या परीक्षेचं महत्त्व आणखी वाढलं आहे. ही माहिती शाळेच्या नोटीस बोर्डावर असते. पण नववीतला मुलगा जेव्हा सांगतो, “उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी अब्बांबरोबर तीन चकरा मारल्या, पहिल्यांदा रेशन कार्डाची झेरॉक्स विसरलो होतो,” तेव्हा ती माहिती सातवीतल्या मुलाच्या डोक्यात बसते.

चेहरा कुणाचा, हक्क कुणाचा

आता सर्वांत नाजूक भाग. इथे घाई केली तर सगळं काम बुडेल.

मुलींच्या घरचे विचारतील, व्हिडिओ कुठे जाणार? हा प्रश्न मागासलेला नाही, शहाणपणाचा आहे. इंजिनीअर म्हणून मी तुम्हाला स्पष्ट सांगतो: एकदा इंटरनेटवर गेलेली फाइल परत आणता येत नाही. आज तर कुणाचाही चेहरा आणि आवाज घेऊन खोटा व्हिडिओ बनवणं पोरखेळ झालं आहे. म्हणून नियम पक्के हवेत. यूट्यूब नाही, इन्स्टाग्राम नाही, व्हॉट्सॲप ग्रुप नाही. फाइल एका पेनड्राइव्हवर आणि त्याच्या एका प्रतीवर. पेनड्राइव्ह एका जबाबदार व्यक्तीकडे, शक्यतो एखाद्या शिक्षिकेकडे. दाखवताना कुणी स्वतःच्या मोबाइलमध्ये चित्रण करायचं नाही.

चेहरा दाखवणं सक्तीचं नाही. काही घरांत धार्मिक कारणाने तसवीर नको असते, काही घरांत बदनामीची भीती असते. दोन्हींचा मान राखा. हात दाखवा, वही दाखवा, शाळेचा रस्ता दाखवा, चित्र काढून दाखवा. आवाज पुरतो. नाव, शाळेचं नाव, घराचा पत्ता गोष्टीत येऊ देऊ नका.

संमती दोघांची घ्या, आईवडिलांची आणि मुलाची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती आवश्यक केली आहे. कायद्याचं कलम आपल्या पेनड्राइव्हला किती लागू होतं हा वकिलांचा विषय. त्यामागची भावना आपल्याला लागू आहेच. आणि पालकांनी हो म्हटलं, पण मुलगी मान खाली घालून गप्प बसली, तर ते ‘नाही’ समजा. ‘माझी गोष्ट काढून टाका’ असं कुणी उद्या म्हणालं, तर कारण न विचारता काढा. सोळाव्या वर्षी सांगितलेली गोष्ट विसाव्या वर्षी जड वाटू शकते.

कधी गोष्टीत मारहाण, छळ, ठरलेलं बालविवाहाचं लग्न असं काही निघेल. ते रेकॉर्डिंग तिथेच थांबवा. तो व्हिडिओचा विषय नाही, मदतीचा आहे. १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. आपल्यातल्या कुणी मोठ्या, विश्वासू ताईला सोबत घ्या आणि पुढचं पाऊल उचला.

तांत्रिक बाजू, दोन मिनिटांत

फोन आडवा धरा आणि पुस्तकांच्या थप्पीला टेकवा. खिडकी सांगणाऱ्याच्या समोर असू द्या, पाठीमागे नको. पंखा बंद करा, कारण आवाज बिघडला तर चांगलं चित्र काही कामाचं नाही. यंत्रमागाच्या गल्लीत असाल तर सुट्टीच्या दिवशी किंवा जेवणाच्या वेळेत रेकॉर्ड करा. बऱ्याच फोनमध्ये फुल एचडीचा व्हिडिओ मिनिटाला १०० एमबीच्या पुढे जातो. एवढ्याची गरज नाही. सेटिंगमधून दर्जा कमी ठेवा. सेकंदाला ५०० किलोबिट धरले तर तीन मिनिटांची फाइल ११ एमबीच्या आसपास बसते आणि जुन्या टीव्हीवरही चालते. पार्श्वसंगीत लावू नका. एडिटिंग म्हणजे फक्त सुरुवात आणि शेवट कापणं.

दाखवताना एका वेळी एकच गोष्ट लावा. तीन मिनिटं व्हिडिओ, वीस मिनिटं गप्पा. शक्य असेल तर सांगणारा मुलगा किंवा मुलगी तिथे हजर हवी. पुण्याला किंवा हैदराबादला शिकायला गेली असेल तर फोन स्पीकरवर ठेवा.

तुम्ही विचाराल, समोरासमोरच का बोलू नये? जिथे जमतं तिथे जरूर बोला. पण बारावीतली मुलगी संध्याकाळी घराबाहेर पडू शकत नाही, आयटीआयचा मुलगा शिफ्टला जातो, कुणी वीस जणांसमोर थरथरतो. व्हिडिओत चुकलं की पुन्हा घेता येतं. आणि एकदा सांगितलेली गोष्ट पुढच्या वर्षीच्या पाचवीलाही दाखवता येते.

दुसरा आक्षेप रास्त आहे: पोरं आधीच मोबाइलमध्ये बुडालेली आहेत, तुम्ही आणखी एक व्हिडिओ देताय? म्हणूनच मोबाइल मुलाच्या हातात द्यायचा नाही. एक पडदा, वीस मुलं आणि नंतर गप्पा. रील एकट्याने पाहिली जाते आणि अंगठ्याने सरकवली जाते. इथे ‘पुढचा’ व्हिडिओ नसतोच.

शहराच्या आतल्या सीमा

शेवटी एक मागणं. डिसले सरांनी देशांच्या सीमा ओलांडायला मुलांना शिकवलं. आपल्या शहरातही सीमा आहेत, फक्त त्यांवर तार नाही. विजापूर वेशीतली उर्दू शाळेतली मुलगी आणि पूर्वभागातली तेलुगू घरातली मुलगी, दोघींच्या आया बिड्या वळतात, दोघींच्या घरात यंत्रमागाचा पगार येतो, दोघींना मराठीत बोलताना अडखळायला होतं. पण त्या एकमेकींना ओळखत नाहीत. पहिल्या वर्षी आपल्या मोहल्ल्यात काम करू. दुसऱ्या वर्षी शेजारच्या शाळेशी गोष्टींची देवघेव करू. आपल्या मुलीचे पानं कापणारे हात त्यांच्या वर्गात दिसू द्या, त्यांच्या मुलीचे हात आपल्या वर्गात. एकमेकांबद्दल फिरणाऱ्या खोट्या व्हिडिओंना उत्तर म्हणून आपण दुसरे जहाल व्हिडिओ बनवू शकणार नाही आणि बनवूही नयेत. पण ज्या मुलाने अकराव्या वर्षी समोरच्या वस्तीतल्या मुलीचं ‘मला भीती वाटायची’ हे वाक्य ऐकलं आहे, त्याला एकविसाव्या वर्षी तिच्याविरुद्ध भडकवणं थोडं अवघड जाईल, असं मला वाटतं.

आज उठण्याआधी प्रत्येकाने वहीत एक नाव लिहा. तुमच्या गल्लीतल्या, नववी-दहावीतल्या, पहिल्या नंबरात नसलेल्या एका मुलाचं किंवा मुलीचं. या आठवड्यात त्याच्या घरी जा, चहा प्या, आईवडिलांना सगळं नीट समजावून सांगा. कॅमेरा दुसऱ्या भेटीत काढा. आपण तीस जण इथे आहोत. रमजानच्या आधी दहा गोष्टी जमल्या तरी पुढच्या वर्षीच्या पाचवीला पुष्कळ झाल्या.

आता प्रश्न विचारा.